लेझर लावून दे ना, मावशी

मागच्या वेळी मी शब्द दिला होता की या महिन्यात दुधाच्या दातांवर लिहीन. तो लेख अर्धा लिहून पडला आहे, पुढच्या महिन्यात नक्की. मध्येच एका रविवारी सकाळी माझी भाची दारात उभी राहिली. एका हातात पोहे-जिलबीची पुडी, दुसरा हात डाव्या गालावर.

भाची म्हणजे माझ्या मावसबहिणीची मुलगी. वय सव्वीस. घरून काम करते. कंपनी बंगळुरूची, मॅनेजर अमेरिकेत, त्यामुळे हिची खरी मीटिंग रात्री साडेदहाला सुरू होते. इंदुरात अशी मुलं-मुली आता गल्लोगल्ली आहेत. तुमच्यापैकीही बरेच जण त्यातलेच असाल.

'मावशी, लेझर लावून दे ना.' पोहे टेबलावर ठेवायच्या आधी हे वाक्य. मग फोन पुढे केला. एका मुलीच्या गालावर लाल ठिपका फिरतोय, आणि खाली लिहिलंय की जबड्याचं दुखणं दहा मिनिटांत गायब.

माझ्या क्लिनिकमध्ये लेझरचं मशीन आहे हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलं, हप्ता अजून चालू आहे, आणि दिवाळीच्या फराळाला मीच कौतुकाने सगळ्यांना त्याबद्दल सांगितलं होतं. म्हणजे मागणारी घरची, मशीन घरचं आणि रविवार म्हणून खुर्चीही रिकामी. तरी सवयीने म्हटलं, आधी आ कर.

डावीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेत पांढरं तात्पुरतं सिमेंट भरलेलं दिसलं.

'हे काय गं?'

'रूट कॅनाल चालू आहे ना. दोन सिटिंग झाल्या. पण दुखणं तसंच आहे. ते म्हणाले आता दाढ काढू आणि इम्प्लांट लावू. मी म्हटलं, त्याआधी एकदा लेझर बघू.'

हकिगत अशी. चार महिन्यांपासून त्या दाढेत ठणका. सकाळी उठल्यावर जास्त, संध्याकाळी परत जास्त. एक्स-रे काढला तर स्वच्छ. कीड नाही, तडा नाही, मुळाशी काळं काही नाही. थंड पाण्याने कळ नाही, गोडाने नाही. पण मुलगी कळवळून सांगते आहे की हीच दाढ. मग तिथल्या डॉक्टरांनी नस काढायला घेतली. मी त्यांचं नाव विचारलं नाही, आणि त्यांच्यावर फार रागावलेही नाही. भाचीने स्वतःच कबूल केलं की 'काहीतरी करा' म्हणून तीच मागे लागली होती. दुखणारा माणूस समोर असताना हात बांधून बसणं डॉक्टरलाही जड जातं.

मी तिला म्हटलं, दात घट्ट आवळ. गालाच्या हाडाखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याच्या थोडं वर, जिथे मांसल गोळा टरारून येतो, तिथे दोन बोटं ठेवली. मग जबडा सैल सोडायला सांगितलं आणि दाबलं.

'आई गं! हेच! मावशी, हेच दुखणं!'

'दाढेत?'

'दाढेत.'

बोट माझं गालावर होतं, दाढेपासून चांगलं लांब. पोहे तोवर गार झाले होते.

त्या मांसल गोळ्याचं नाव मॅसेटर. चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हा त्याचा जोडीदार. आणखी दोन आतल्या बाजूला आहेत, ते बाहेरून दिसत नाहीत. हे स्नायू थकले, आखडले की त्यांच्यात दुखऱ्या गाठी धरतात, आणि गंमत अशी की त्यांचं दुखणं त्यांच्याच जागी जाणवेल असं नाही. मॅसेटरचं दुखणं दाढेत किंवा कानात जाणवतं, टेम्पोरॅलिसचं वरच्या दातांत आणि कपाळाच्या कडेला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखण्यांचे नकाशेच काढले. कुठला स्नायू दाबला की कुठे कळ जाते, ते चित्रांसकट. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९८३ साली आलं. दात, कान आणि जबडा यांच्या संवेदना मेंदूकडे एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांमधून जातात, त्यामुळे मेंदूचा पत्त्याचा घोटाळा होतो. पत्र शेजाऱ्याचं, घंटा आपल्या दारावर.

मग मी तिचं तोंड पुन्हा नीट पाहिलं. गालाच्या आतल्या बाजूला, दात जिथे मिटतात त्या रेषेत, पांढरी कड उमटलेली. जिभेच्या कडेला दातांचे ठसे. तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली तर दोन कशीबशी गेली. निरोगी माणसाचं तोंड साधारण चाळीस मिलिमीटर उघडतं, म्हणजे त्याची स्वतःची तीन बोटं. बोटं त्याचीच हवीत हं, माझी नाहीत.

'तू दात आवळून बसतेस.'

'छे, मी झोपेत दात खात नाही. आई म्हणते.'

झोपेत दात खाणारं मूल म्हणजे पोटात जंत, असं आपल्या घरांतून अजूनही म्हणतात. जंतांचं औषध देऊन मोकळे होतात. पण जबड्याच्या दुखण्यात निम्मा मामला जागेपणीचा असतो, आणि तो कुणाला दिसत नाही, कारण आवाज होत नाही. स्क्रीनकडे बघताना, गाडी चालवताना, कुणाचं बोलणं मुकाट ऐकून घेताना दात एकमेकांवर टेकलेले राहतात. चोवीस तासांत दात एकमेकांना लागायला हवेत ते खाताना आणि गिळताना, सगळे मिळून फार तर पंधरा-वीस मिनिटं. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. भाची अमेरिकन मॅनेजरसमोर दीड-दोन तास दात आवळून 'येस, शुअर' म्हणत असते. आपल्याकडे 'दात-ओठ खाणं' हा वाक्प्रचार काही उगीच आलेला नाही.

आता लेझर.

लेझर म्हटलं की डोळ्यांसमोर कापणारी, जाळणारी किरणं येतात. तशी ती असतातच. थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत १९६० साली पहिला लेझर पेटवला, माणकाचा. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ साली, बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर तयार झाला. तो बनवणारे सी. कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. आजही लोखंड कापायला आणि ऑपरेशनमध्ये मांस छेदायला तो लेझर वापरतात. बारामती म्हटल्यावर एवढ्यात ज्यांच्या मनात राजकारण आलं, त्यांनी हेही लक्षात ठेवावं.

जबड्यावर लावतात तो याच्या अगदी उलट, मवाळ लेझर. त्याची गोष्ट बुडापेस्टची. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात एंद्रे मेस्तर नावाचे सर्जन उंदरांवर लेझरचा प्रयोग करत होते. उंदरांची पाठ भादरून त्यावर लेझर सोडला. त्यांचं यंत्र फारच कमी ताकदीचं होतं. अपेक्षा होती काहीतरी अपाय दिसेल अशी. दिसलं ते वेगळंच. ज्या उंदरांवर प्रकाश पडला त्यांचे भादरलेले केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले. मग मेस्तर यांनी न भरणाऱ्या जखमांवर हा प्रकाश वापरून पाहिला, आणि तिथून ही शाखा सुरू झाली. आता शास्त्रज्ञ तिला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. मी लेझरच म्हणते.

माझ्या मशीनचा प्रकाश ८१० नॅनोमीटरचा, तांबड्याच्या पलीकडचा. डोळ्यांना तो दिसतच नाही. फोनवर भाचीने पाहिला तो लाल ठिपका असतो नेम धरण्यासाठी. स्नायूसाठी मी साधारण २०० मिलिवॅट ठेवते आणि एका जागी ३० सेकंद, म्हणजे ६ जूल. तुमच्या खोलीतला नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढी वीज पाऊण सेकंदाच्या आत खातो. फरक इतकाच की लेझरचा प्रकाश एका ठिकाणी आणि एकाच तरंगलांबीचा असतो. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात एक प्रथिन आहे, ते हा प्रकाश शोषतं, त्यामुळे पेशीला ऊर्जा जास्त मिळते, सूज आणि दुखणं कमी होतं, असं मानलं जातं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये हे दिसतं. गालातल्या स्नायूत किती घडतं, हा प्रश्न निराळा. बराचसा प्रकाश कातडीच्या वरच्या काही मिलिमीटरमध्येच विरतो. मॅसेटर वरवर आहे, तिथे थोडाफार पोचतो. आतले दोन स्नायू त्याला जवळजवळ अंधारातच राहतात. शिवाय जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण असंही नाही. एका मर्यादेपुढे परिणाम उलट कमी होतो.

एवढं सगळं मी भाचीला सांगितलं का? सांगितलं. ती इंजिनिअर आहे, वॅट आणि जूल तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. तिचा प्रश्न मात्र साधा होता. 'पण काम करतो का नाही?'

इथे मला जरा जपून बोलावं लागलं, कारण हप्ता माझा चालू होता.

जबड्याच्या स्नायूंवर लेझरच्या पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत. काहींत दुखणं चांगलं कमी झालं. काहींत, ज्यांना बंद मशीन नुसतं गालाला टेकवलं होतं त्यांनाही जवळपास तेवढंच बरं वाटलं. प्रत्येकाची ताकद वेगळी, वेळ वेगळी, सिटिंगची संख्या वेगळी, त्यामुळे बेरीज करणं अवघड. डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुन्या दुखण्यासाठी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या दुखण्यासाठी, मार्गदर्शक शिफारशी आल्या. तज्ज्ञांनी जोरदार शिफारस केली ती या गोष्टींची: आजार समजावून सांगणं आणि धीर देणं, घरी करायचे व्यायाम आणि मसाज, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मान-पाठीचे व्यायाम, जाणकार हातांनी स्नायू मोकळे करणं, आणि ताण हाताळायला शिकवणारं समुपदेशन. लेझर? तो 'शक्यतो नको'च्या यादीत. दातांवर घालायची प्लास्टिकची पट्टी, जिला आपण नाइट गार्ड म्हणतो, तीसुद्धा दुखण्यावरचा उपाय म्हणून त्याच यादीत. दात झिजू नयेत म्हणून ती घालणं हा वेगळा विषय. आणि ज्याने चावा कायमचा बदलतो अशा पट्ट्या तर ठाम 'नको'.

ही यादी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते. मशीनसाठी कर्ज काढताना विकणाऱ्याने जी रंगीत पत्रकं दिली होती, त्यांत पहिल्या पानावर जबडाच होता.

'मग घेतलंस कशाला?' भाचीने विचारलंच.

हिरड्यांच्या कामासाठी घेतलं, ते काम ते उत्तम करतं. आणि दुसरं एक काम आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्यांचं तोंड भयंकर येतं, पाणी गिळवत नाही. ते होऊ नये म्हणून हाच मवाळ प्रकाश देतात, आणि त्याची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. म्हणजे मशीन खोटं नाही. कुठल्या दुखण्याला किती भाव द्यायचा, एवढंच.

तर त्या रविवारी मी लेझर लावला का? लावला. मुलगी चार महिने दुखणं काढून आली होती, अपाय काही नव्हता आणि मी शेवटी मावशी आहे. आधी सांगितलं, की हा आधाराचा हात आहे, चालायचं तुझं तुलाच. दोघींनी काळे चष्मे घातले. हे चष्मे हवेतच, न दिसणारा प्रकाश डोळ्यांच्या पडद्याला इजा करतो. कुठे तुम्ही लेझर घ्यायला गेलात आणि चष्मा दिला नाही, तर उठून या. गालावर चार ठिकाणी, कानशिलावर दोन ठिकाणी. प्रत्येक वेळी ३० सेकंद आणि एक बीप.

'मावशी, चालू आहे ना? काहीच लागत नाहीये.'

'चालू आहे.'

संध्याकाळी तिचा मेसेज आला की बरंच हलकं वाटतंय. मंगळवारी परत दुखायला लागलं. त्या संध्याकाळच्या हलकेपणात लेझर किती, गार झालेले पोहे किती, आणि दुखणं दाढेत नसून गालात आहे हे कळल्याचा सुटकारा किती, याचा हिशेब मला लागलेला नाही.

खरं काम नंतर सुरू झालं, आणि ते फार कंटाळवाणं आहे, म्हणूनच त्याचे व्हिडिओ कुणी बघत नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक हिरवी टिकली चिकटवली. तिच्याकडे नजर गेली की तपासायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर 'न' म्हणायचा आणि जीभ जिथे लागली तिथेच राहू द्यायची. दात आपोआप सुटतात. पहिल्या दिवशी तिने मोजलं, तर जेव्हा जेव्हा नजर गेली तेव्हा तेव्हा दात टेकलेलेच. मला म्हणाली, 'बस यार मावशी, मला वाटलंच नव्हतं.' दिवसातून दोनदा गरम ओल्या फडक्याचा शेक, दहा मिनिटं. मग जीभ टाळूला लावून तोंड हळूहळू उघडायचं, दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं, सहा वेळा. गालाला बोटांनी गोल मालिश. काही दिवस च्युइंगगम, चिक्की, कडक सेव आणि सराफ्यात तोंड फाडून खायचे प्रकार बंद. जांभई येताना हनुवटीखाली मूठ. आणि फिजिओथेरपिस्टकडे चार वेळा, कारण तिचा लॅपटॉप पलंगावर आणि मान त्याच्यावर ओणवी असायची. मीटिंगची वेळ बदलता येईल का, असंही मी विचारलं. त्यावर ती नुसती हसली.

तिसऱ्या आठवड्यात तीन बोटं गेली. ठणका सहा आठवड्यांनी बराच मागे हटला. एकदम गेलेला नाही, कंपनीचं अप्रेझल आलं तेव्हा दोन दिवस परत आला होता. आता तिला तो ओळखू येतो, एवढा फरक.

दाढ काढली नाही. पण ती वाचली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आत कीड नसलेली, चांगली जिवंत दाढ होती. नस काढून झाल्यावर ती परत जिवंत करता येत नाही. उरलेलं रूट कॅनाल मी पूर्ण केलं आणि वर कॅप बसवावी लागली. खरं तर एक सोपी तपासणी होती. दाढेला भूल द्यायची. भूल चढूनही दुखणं तसंच राहिलं, तर उगम दुसरीकडे आहे असा संशय घ्यायचा आणि ड्रिल खाली ठेवायचं.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका काकूंच्या जबड्यासाठी मी त्यांचे दात थोडे थोडे घासून 'चावा बरोबर' केला होता. तेव्हा तसं बरेच जण करत. अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९३४ साली कानाच्या आणि जबड्याच्या तक्रारींचा दोष पडलेल्या दातांवर आणि बिघडलेल्या चाव्यावर ठेवला, आणि तो समज पुढे अनेक दशकं टिकला. काकूंचं दुखणं गेलं नाही. घासलेले दात मात्र शिवशिवायला लागले. त्या अजूनही माझ्याकडेच येतात, आणि आल्या की मला आधी ते दात दिसतात.

दोन-तीन गोष्टी घाईघाईने, कारण प्रत्येक गालदुखी स्नायूची नसते. आपल्या भागात सुपारी आणि गुटख्यामुळे गालाची आतली कातडी आखडते आणि तोंड उघडेनासं होतं. तिखट झोंबायला लागतं. तो वेगळा आणि गंभीर आजार आहे, त्यातून कॅन्सर होऊ शकतो, तिथे लेझरच्या शोधात वेळ घालवू नका, आधी सुपारी थुंका आणि दाखवा. पन्नाशीपुढच्या आई-बाबांना चावताना जबडा थकून दुखतोय आणि सोबत कानशील दुखतंय, नजर अंधुक होतेय असं म्हणाले, तर त्याच दिवशी फिजिशियनकडे, कारण त्यात दृष्टी जाऊ शकते. आणि जिने चढताना जबडा दुखतो, थांबलं की थांबतो, ते हृदयाचं असू शकतं. दाताच्या डॉक्टरकडे यायचं कामच नाही.

परवा भाची कॅप बसवून घ्यायला आली. पुन्हा पोहे, या वेळी गरम असतानाच खाल्ले. तिच्या मॅनेजरने कॅमेऱ्यावर विचारलं म्हणे, सारखी स्क्रीनच्या कोपऱ्यात काय बघतेस? तिने हिरवी टिकली दाखवली. आता त्याच्याही लॅपटॉपवर एक आहे.

जाताना तिने विचारलं, मावशी, लेझरचे किती झाले? म्हटलं, लेझरचे काही नाही. कॅपचे मात्र घेतले. हप्ता चालू आहे.